काळा धूर, पंपवाल्याकडचे नऊ दिवस आणि एक फाटका होज

माझी सहा सिलिंडरची बीएस-३ (जुन्या प्रदूषण नियमातली) गाडी, सांगली मार्केट यार्डातनं हळद भरून वाशीला जाते. दिवाळीनंतर परतीचा माल घेऊन खंबाटकी घाट चढताना एवढा काळा धूर मारायला लागली की आरशात मागची गाडी दिसेना. पिकअप गेला, डिझेल जास्त खायला लागली. आयडलला, म्हणजे नुसती चालू उभी असताना, मात्र धूर जवळजवळ नाहीच.

पीयूसीला रेस देऊन बघितलं तर के व्हॅल्यू (धुराच्या काळेपणाचा आकडा) ३ च्या वर, बीएस-३ ला २.४५ पर्यंतच चालते, म्हणजे फेल. मिस्त्री म्हणाला इंजिनाला दाबानं डिझेल देणारा पंप आणि ते फवारणारे नोझल, दुसरं काही नाही. उतरवून पंपवाल्याकडं दिले आणि तिथंच अडकलो.

कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला, ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचे पंप ओळीनं पडलेले. रोज सकाळी जायचं आणि "मालक, उद्या या" ऐकून परत यायचं. चौथ्या दिवशी बघतो तर माझा पंप कोपऱ्यात तसाच, मी बांधलेलं फडकंसुद्धा सोडलेलं नाही! दोन भाडी गेली, हप्ता काय थांबतोय का. सहाव्या दिवशी बेंचवर (तपासायच्या मशीनवर) चढवला तेव्हा मी तिथनं हललोच नाही. पाच नोझल धुक्यासारखे फवारत होते, एक टपकत होतं, ते बदललं, ठीक. मग म्हणे पंपाचे एलिमेंट (आतले दाब देणारे पार्ट) पण बदला. खराब झालेत तर दाखवा म्हटलं, तर "तुम्हाला काय कळणार त्यातलं". मी नको म्हटलं तर आणखी दोन दिवस काम मागं टाकलं. नवव्या दिवशी पंप हातात, बिल साडेअठरा हजार. बसवला, टायमिंग धरलं, माल भरून पेठ नाक्यापर्यंत नेली, धूर जरा कमी पण आहेच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मिरजेतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी पहिलाच प्रश्न विचारला, "धूर रिकामीला येतोय का भरलेलीला?" हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. भरलेलीला म्हटल्यावर ते सरळ खाली शिरले, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडनं ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला जाणाऱ्या होजवर, म्हणजे रबरी पाइपवर, खालच्या अंगानं हात फिरवला, बोटं तेलकट काळ्या मातीनं भरली. क्लिप सोडून होज वाकवला तर बोटभर चीर उघडली. गाडी उभी असताना चीर मिटलेली, लोडवर टर्बोचा दाब आला की उघडायची आणि हवा बाहेर, हवा कमी पडली की डिझेल अर्धवटच जळणार. नवा होज, दोन क्लिपा, अर्धा तास. पीयूसी पहिल्या फटक्यात पास, १.३.

म्हणून सांगतो, काळा धूर आला की आधी एअर फिल्टर आणि टर्बोपासूनचे सगळे होज बघा, जोडावर ओली तेलकट माती दिसली की साबणाचं पाणी मारून कुणाला तरी रेस द्यायला लावा, बुडबुडे येतात. आमची चीर मात्र नुसत्या रेसवर दिसली नसती, क्लिप सोडूनच बघा. निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा नाहीतर टर्बोचं सील. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघा, तशी गाडी ओढत नेऊ नका.

आणि हो, पंप द्यायचाच असेल तर बेंचवर चढेल त्या दिवशीच उतरवा, तोपर्यंत गाडी चालू ठेवा. नोझल टेस्टरवर लावतील तेव्हा समोर उभं राहा आणि जुने पार्ट मागून घ्या.