अठराशेचं सेशन

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मदतकक्षातला सहकारी धावत आला, "दादा, पोट्टे फोनवर फोन करून राहिले, फॉर्मच उघडत नाही म्हणते." नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कातून आम्ही एका ग्राहकाचं प्रवेश-अर्जांचं पोर्टल सांभाळतो. टॉमकॅट 9 हा जावा सर्व्हर, त्याची मेमरी म्हणजे हीप 4 जीबी. जीसी म्हणजे मेमरीतल्या कचऱ्याची सफाई; तिच्या लॉगमध्ये फुल जीसीमागून फुल जीसी, आणि मोकळी होणारी जागा जवळपास शून्य. म्हणजे हा कचरा नव्हता, कुणीतरी धरून ठेवलेला माल होता.

टॉमकॅटचं मॅनेजर ॲप कसंबसं उघडलं. सेशनचा, म्हणजे सर्व्हर प्रत्येक पाहुण्यासाठी मेमरीत ठेवतो त्या नोंदींचा, आकडा 44,600! त्यावर क्लिक केल्यावर लांबलचक यादी आली. बहुतेक ओळींत युजरचं नाव कोरं, वापराचा वेळ 00:00:00 आणि टीटीएलच्या (मुदत संपायला उरलेल्या वेळेच्या) रकान्यात 29:59:40, 29:59:35... दर पाच सेकंदांनी दोन नवी सेशन. माणसं अशी घड्याळ लावून येत नाहीत.

ॲक्सेस लॉगने सांगितलं: येणाऱ्या विनंत्या सर्व्हरकडे वाटणाऱ्या लोड बॅलन्सरचे दोन नोड दर पाच सेकंदांनी हेल्थ चेकसाठी, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का हे पाहायला, एक जेएसपी (सर्व्हरवर जावातून तयार होणारं) पान मागत होते. सेशनची ओळख सांगणारी कुकी ते परत पाठवत नाहीत, आणि सेशन नको असं पानात स्पष्ट लिहिलं नसेल तर जेएसपी दर वेळी नवं सेशन उघडतं. एरवी हे खपून जातं. टॉमकॅटच्या मूळच्या 30 मिनिटांच्या मुदतीत अशी 720 सेशन साचली असती, कुणाला पत्ताही लागला नसता.

पण रविवारी पहाटे पाचला चढवलेल्या आवृत्तीत वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीतलं सेशन-टाइमआउट होतं 1800. लिहिणाऱ्याच्या डोक्यात सेकंद होते. जावा कोडमधून मुदत दिली तर ती सेकंदांत मोजली जाते, हा टॅग मात्र मिनिटं मोजतो. 1800 मिनिटं म्हणजे तीस तास. तासाला 1,440 प्रमाणे 43,200. उरलेली चौदाशे खरी माणसं. त्यात एक फिल्टर (पानाआधी चालणारा कोडचा तुकडा) प्रत्येक सेशनमध्ये महाविद्यालयांची अख्खी यादी कोंबत होता. हीप डंपमध्ये, म्हणजे मेमरीच्या काढलेल्या प्रतीत, एकेक सेशन साठ केबीच्या आसपास भरलं, म्हणजे अडीच जीबी यातच.

टाइमआउट 30 करून रीस्टार्ट केलं, तर आकडा होता तिथेच! टॉमकॅट 9 बंद होताना सेशन फाइलीत लिहून ठेवतो आणि चालू होताना परत उचलतो. प्रत्येक सेशनसोबत त्याची जुनी मुदतही येते. घाईत हे सुचलंच नाही. ती फाइल उडवता आली असती, पण अर्धे अर्ज भरलेले विद्यार्थी बाहेर फेकले गेले असते. म्हणून मॅनेजरमधूनच 30 मिनिटांपेक्षा जास्त निष्क्रिय असलेली सेशन काढली, आणि जुन्या मुदतीची राहिलेली गाळायला अर्ध्या तासाने तेच बटण पुन्हा दाबलं.

संध्याकाळी हेल्थ चेकच्या पानावर सेशन बंद केलं, यादी सेशनमधून काढून ॲप्लिकेशन पातळीवर एकदाच ठेवली. सीपीयूचा अलार्म आमच्याकडे होता, सेशनचा नव्हता. आता जेएमएक्स या जावाच्या देखरेखीच्या सोयीतून सक्रिय सेशन आणि मिनिटाला नवी किती, दोन्हीवर लावलाय. रात्री नऊला मिनिटाला तीन-चार सेशन उघडत होती. सकाळी नुसता हेल्थ चेकच चोवीस उघडत होता.