कॉन्टेसा उभी केली त्याची गोष्ट: २६ महिने, एक शेड आणि एक फुटलेली काच

आधीच सांगून टाकतो, कॉन्टेसाला मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची ताकदवान गाडी, आपण आपल्या समाधानासाठी म्हणतो. अमेरिकेतल्या १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन होतं, आणि आपली कॉन्टेसा १९८४ मध्ये आली तेव्हा तिच्यात १५०० सीसीचं जुनं इंजिन, पॉवर जेमतेम ५० हॉर्सपॉवर. म्हणजे पैलवानाच्या अंगात शाळकरी पोट्ट्याचा जीव. पण ते लांबलचक बॉनेट पाहिलं की माणूस फसतेच. डिझाइन मूळ इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं, सत्तरच्या दशकातलं, हिंदुस्तान मोटर्सने ते उत्तरपाड्याला बनवलं. पुढे जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन बसवलं, ८८ हॉर्सपॉवर, तेव्हा कुठं गाडी पळायला लागली. माझी ती १.८ वाली, १९९४ ची.

२०२२ च्या दिवाळीनंतर आमच्या नागपूरजवळ कामठीकडच्या एका कॉन्ट्रॅक्टरच्या आवारात दिसली, नऊ वर्षं कडुनिंबाखाली उभी. ८५ हजारांत सौदा झाला आणि टोचन करून त्रिमूर्ती नगरला आणली. गॅरेज म्हणजे काय तर घराच्या बाजूचं टिनाचं शेड, तिथे आधी दोन कूलर, ॲक्टिवा आणि जगाचा कबाड. आई दारात उभी राहून फक्त एवढंच म्हणाली, "कूलर कुठं ठेवशील आता?" त्या उन्हाळ्यात तिने कुरड्या बॉनेटवरच वाळवल्या, एका दुपारी खडखडीत, आणि खरं सांगतो, पहिले सहा महिने त्या गाडीचा तेवढाच उपयोग झाला.

मला वाटायचं इंजिनच रडवणार. ते तर जामच होतं, क्रँक हलेच ना. मी लांब पाइप लावून जोर द्यायला निघालो तर वाडीचे एक मिस्त्री, वय सत्तरच्या पुढे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, ते ओरडले, "जबरदस्ती नोको करू ना बावा, रिंगा तुटून जाईन." मग चारही प्लग काढून भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून ओतलं आणि दहा दिवस हातच लावला नाही, रोज सकाळी फक्त गोटी पान्याने हलकंच मागे-पुढे होते का बघायचो. अकराव्या दिवशी अर्धा इंच हललं. मी शेडमध्ये एकटाच ओरडलो, शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं शॉक लागला.

इंजिनाचे पार्ट मिळायला काही त्रास नाही, कारण हेच इसुझू इंजिन नव्वदच्या दशकात अँबेसेडरमध्ये पण लागायचं, आणि सरकारी ऑफिसं अन टॅक्सीवाल्यांनी त्या गाड्या इतक्या चालवल्या की जुन्या दुकानदारांकडे गॅस्केट, वॉटर पंप, रिंगा अजून पडून आहेत. कॉन्टेसाचं मागून असेल तर "नाही" म्हणतात, अँबेसेडर १८०० म्हटलं की लगेच वरच्या फळीवरून डब्बा खाली येते. इंजिनाचं हेड हिंगण्याच्या एका वर्कशॉपमध्ये फेस करून, म्हणजे घासून सपाट करून घेतलं. फेब्रुवारीत इंजिन सुरू झालं, धूर इतका की आईने खिडक्या लावून घेतल्या.

आणि मग मी कार्पेट उचलला.

ड्रायव्हरच्या पायाखाली डांबरी शीट असते, ती सोलली आणि खाली पेचकस टेकवला, जोर नाही लावला हो, नुसता टेकवला, तर तो आरपार गेला आणि भोकातून शेडची फरशी दिसली. दोन्ही बाजूंनी तेच. कारण शोधता शोधता वायपरखालची जाळी उघडली तर आत चक्क माती! नऊ वर्षांचा कडुनिंबाचा पाला कुजून माती झालेली, त्यात एक रोपटं पण होतं. पाणी बाहेर जायची नळी त्यानेच बुजली होती, म्हणून पावसाचं पाणी सरळ केबिनमध्ये. वर पुढच्या काचेची रबर बीडिंग पण कडक होऊन फाटलेली. मग काय, फ्लोअर कापा, १८ गेजचा पत्रा वाकवा, सीओटू वेल्डिंग करा, हातोड्याने ठोका, परत कापा. यातच १४ महिने गेले. इंजिनाला तीन. आणि इंटरनेटवर सगळे इंजिनाचेच व्हिडिओ टाकतात.

पेंट मी मे महिन्यात मारला, हा शहाणपणा फक्त माझा. बाहेर ४५, टिनाच्या खाली किती असेल विचार करा. टू-के पेंट, म्हणजे रंगात हार्डनर मिसळून मारायचा, आणि थिनर घेतला फास्टवाला कारण दुकानात तोच होता. रंग पत्र्यावर नीट पसरायच्या आधीच सुकायचा. सगळ्या पृष्ठभागावर बारीक खड्डे, पेंटर लोक ज्याला ऑरेंज पील म्हणतात ते. नागपुरात राहून बॉनेटवर संत्र्याची साल, दोस्तांनी महिनाभर पिडलं. सगळा वॉटर पेपरने घासून काढला. पावसाळ्यात मारायचाच नाही, दमट हवेत चमक मरते, म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांबलो आणि या वेळी स्लो थिनर. आणि मास्क चांगला कार्ट्रिजवाला घ्या, हार्डनरमधलं आयसोसायनेट छातीत जाते, रुमाल बांधून काही होत नाही.

काचेचं दुःख वेगळंच. नवीन बीडिंग काचेला चढवायची, बीडिंगच्या खाचेत सुतळी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून सुतळी हळूहळू ओढायची, रबर आपोआप पत्र्यावर पलटी मारते. भाऊ आत, मी बाहेर. तीन कोपरे मस्त बसले. चौथ्याला मी तळहाताने एक थाप मारली आणि खालून वरपर्यंत एक रेघ गेली, आवाज पण नाही मोठा, नुसतं "टिक". त्या कोपऱ्यावर माझ्याच वेल्डिंगचा एक टेंगूळ राहिला होता, मी ग्राइंडर फिरवायला विसरलो होतो. भाऊ आतूनच म्हणाला, "हे माझ्यावर नको ढकलू." दुसरी काच कोलकात्याहून लाकडी पेटीत मागवली, ती येईपर्यंत मी तो टेंगूळ रोज बोटाने चाचपायचो.

आरटीओचं फार नाही सांगत. १५ वर्षांच्या वरच्या गाडीची रजिस्ट्रेशन रिन्यूची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० ची ५००० झाली होती, वरून पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी. व्हिंटेजमध्ये बसते का असं सगळेच विचारतात, नाही बसत, त्याला ५० वर्षं लागतात. ब्रेकचे सिलिंडर मात्र चारही चाकांचे बदला, रबर सुजलेलं असते, आणि हे मी पहिल्यांदा गाडी शेडमधून काढताना गेट ठोकून शिकलो.

पहिली लांब फेरी पहाटे सहाला फुटाळा तलावापर्यंत. काच खाली, हीटरचा नॉब तुटलेला म्हणून पायाला गरम हवा, पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. शंकर नगरच्या सिग्नलला एक दूधवाला बाजूला थांबला, बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, आणि विचारलं, "किती देते भाऊ?"

म्हटलं, "आठ."

तो कॅनवर हात ठेवून जोरात हसला आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच निघून गेला.