बेअरिंग मिळालं, पासवर्ड नाही

पॅकिंग मशीनचा गिअरबॉक्स घरघरायला लागला तेव्हाच आमच्या फिटरने सांगितलं होतं, बेअरिंग गेलंय. पण कंपनीच्या पार्ट्सच्या यादीत बेअरिंग सुटं नव्हतंच. अख्खी असेंब्लीच घ्यायची. कोटेशन वाचून परचेसवाल्याने विचारलं, "चुकून नव्या मशीनचं तर नाही ना पाठवलं?"

गिअरबॉक्स खोलला. ग्रीस पुसल्यावर सीलवर आकडा दिसला: ६२०५. आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, रुंदी १५. हे माप जगभर कित्येक कंपन्या बनवतात. असेंब्लीच्या किमतीत अशी पोतंभर आली असती. दुपारच्या आत नवं बेअरिंग बसलंही.

मशीन चालू केलं, तर स्क्रीनवर 'होम पोझिशन नाही'. काम करताना एन्कोडरची, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरची, केबल काढली होती, तेवढ्याने शाफ्टची शून्य जागा पुसली गेली. ती पुन्हा शिकवायचा मेनू समोर दिसत होता, पण त्याला सर्व्हिस पासवर्ड. कंपनीचा इंजिनिअर दुसऱ्या दिवशी आला, स्क्रीन अंगाआड करून काहीतरी टाइप केलं, दहा मिनिटांत मशीन सुरू. बिलात व्हिजिट, प्रवास आणि 'कमिशनिंग'. पोरगा भला होता. म्हणाला, "साहेब, पासवर्ड मलाही ऑफिसला फोन करून घ्यावा लागतो."

मॅनेजर म्हणाले, मग दुसऱ्या कंपनीचं मशीन घेऊ. घेणार कसं? पाकिटाला आकार देणारी फॉर्मिंग ट्यूब, ते सील करणारे जॉ, स्टोअरमधले पार्ट, ऑपरेटरचा बसलेला हात, सगळं याच मशीनचं. अमेरिकेत कोडॅकने कॉपिअरचे पार्ट स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना देणं बंद केलं, तेव्हा तिचा बचाव असाच होता: मशीनच्या बाजारात स्पर्धा आहे, पार्ट महाग केले तर गिऱ्हाईक जाईल. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीत धरायला नकार दिला. अडकलेल्याला मशीन बदलणं परवडत नाही आणि नव्याला पुढच्या दुरुस्तीचा हिशेब आधी कळत नाही.

पार्ट वर्षानुवर्षं गोदामात सांभाळायला कंपनीला खर्च येतो, मान्य. पण ६२०५ साठी कसलं गोदाम?

पुढच्या मशीनच्या चौकशीपत्रात मी दोन अटी घातल्या: दहा वर्षांचे पार्ट्सचे दर आणि सर्व्हिस पासवर्ड, दोन्ही ऑर्डरआधी लेखी. दर सगळ्यांनी दिले. पासवर्डला एकच तयार झाला, तोही वॉरंटी संपल्यावर.