१२० तास आणि २२ अक्षरं

आयव्हीएफमधली माझी दोन ट्रान्सफर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं भ्रूण गर्भाशयात सोडणं, फसली होती. दोन्ही वेळा भ्रूण पाचव्या दिवसाचं आणि चांगल्या प्रतीचं होतं, गर्भाशयाचं अस्तर आठ मिलिमीटरच्या वर होतं, सोनोग्राफीत त्याच्या तीन रेघा स्वच्छ दिसत होत्या. "सगळं छान आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की दुसऱ्यांदा बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्ततपासणी निगेटिव्ह आल्यावर मी तेवढंच विचारलं, मग रुजत का नाही?

डॉक्टर मॅडमनी त्या दिवशी खुर्ची जवळ ओढून नीट समजावलं. अस्तर जाड झालं म्हणजे ते भ्रूणाला स्वीकारायला तयार झालं असं होत नाही. तयारीचे दिवस महिन्यातून जेमतेम दोन-चार असतात. नैसर्गिक पाळीत एलएच हे बीज सुटायला लावणारं संप्रेरक वाढल्यापासून साधारण सातव्या दिवसाच्या आसपास. सोनोग्राफीला जाडी कळते, पण पेशींच्या आत काय चाललं आहे ते कळत नाही. त्यासाठी मॉक सायकल, म्हणजे रंगीत तालीम, करायची आणि अस्तराचा छोटा तुकडा काढून (बायोप्सी) तपासायला द्यायचा, असा पर्याय त्यांनी ठेवला.

मॉक सायकलमध्ये औषधं सगळी खऱ्या ट्रान्सफरसारखीच, फक्त भ्रूण सोडत नाहीत, कारण बायोप्सी केलेल्या सायकलमध्ये ट्रान्सफर करत नाहीत. म्हणजे एक अख्खा महिना हातचा जातो. गोळ्यांचा त्रास मला फारसा झाला नाही. हा महिना सोसणं जड गेलं.

इस्ट्रोजेनच्या गोळ्या, दोन सोनोग्राफ्या, एक रक्ततपासणी. मग प्रोजेस्टेरॉन. इथून पुढे तासांचा हिशोब सुरू होतो. पहिल्या मात्रेपासून पूर्ण १२० तासांनी बायोप्सी. मी एका लहान वहीत पहिल्या मात्रेची वेळ मिनिटासकट लिहिली आणि नंतरची प्रत्येक मात्रा तिच्याखाली लिहीत गेले. नवऱ्यानं दोन्ही फोनवर गजर लावले होते. आधीच्या दोन ट्रान्सफरच्या वेळी ही वेळ मी "सकाळी" एवढीच सांगितली होती, हे आठवून पोटात कालवलं.

बायोप्सी पाच मिनिटांत झाली. एक बारीक, लवचीक नळी आत जाते आणि अस्तराचा कण ओढून घेते. भूल दिली नव्हती. पाळीतल्या सगळ्यात वाईट कळेपेक्षा थोडी जास्त, पण क्षणभरच दुखलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत किंचित डाग पडत होते. नर्सताईंनी तुकडा लगेच एका द्रावणाच्या कुपीत टाकून कुपी हलवली. उशीर झाला तर आरएनए, म्हणजे पेशीतले जनुकांचे निरोप, तुटायला लागतं, म्हणाल्या.

आधीच मला दुसरा एक फॉर्म दिला होता: त्याच नमुन्याचा थोडा भाग मायक्रोआरएनएच्या संशोधनासाठी देणार का? मी हो म्हटलं, आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस तेच वाचत काढले. हा भाग मला मनापासून सांगायचा आहे.

जनुकाकडून प्रथिन बनवण्याचा निरोप निघतो. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा आरएनएचा एक इवलासा तुकडा. त्याच्यापासून स्वतः काही बनत नाही. तो जुळणाऱ्या निरोपाला चिकटतो आणि तो निरोप दाबला जातो किंवा नष्ट होतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कुन यांनी १९९३ साली हे एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत दाखवलं. बराच काळ ती त्या कृमीचीच खासियत वाटत होती. २००० साली तसाच दुसरा तुकडा माणसासह अनेक प्राण्यांत सापडला. २०२४ साली दोघांना नोबेल मिळालं.

गर्भाशयाच्या अस्तरात तयारीच्या दिवसांत या तुकड्यांचं प्रमाण बदलतं. प्रत्येकाला 'मिर' आणि एक क्रमांक असं नाव असतं. मिर-३० कुटुंबातले काही वाढतात, मिर-४९४ कमी होतो. वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांच्या अस्तरात मिर-१४५ जास्त आढळला आहे, आणि भ्रूण चिकटायला मदत करणारा एक रिसेप्टर (पेशीवर संदेश पकडणारं प्रथिन) तो दाबतो. मला सगळ्यात भिडलं ते मिर-३०डी. २०१५ साली स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं की अस्तर हा तुकडा गर्भाशयातल्या द्रवात सोडतं आणि भ्रूण तो आत घेतं. उंदराच्या भ्रूणांना प्रयोगशाळेत तो दिला तेव्हा त्यांची चिकटण्याची क्षमता वाढली. अजून रुजलेलंही नाही, आणि अस्तर त्याच्याशी बोलायला लागलेलं असतं! हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

रिपोर्ट आला: "रिसेप्टिव्ह", म्हणजे अस्तर तयार. वेळ बरोबर होती. मी रडले. वेळ चुकली असती तर बारा तास पुढेमागे करून दुरुस्त करता आली असती. आता दुरुस्त करायला हातात काहीच नव्हतं. संशोधनाला दिलेल्या भागाचा वैयक्तिक रिपोर्ट मिळत नाही, हे फॉर्मवर लिहिलेलंच होतं.

मॅडमनी एक गोष्ट आधीच मोकळेपणानं सांगितली होती, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. जनुकांवरून ट्रान्सफरची वेळ ठरवणाऱ्या अशा चाचणीची मोठी तुलना २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यात चाचणीप्रमाणे वेळ ठरवलेल्या गटात ५८.५ टक्के आणि नेहमीच्या वेळेच्या गटात ६१.९ टक्के स्त्रियांना बाळ झालं. म्हणजे फायदा दिसला नाही. त्या स्त्रिया वारंवार अपयश आलेल्या नव्हत्या, तरी पहिल्याच ट्रान्सफरआधी कुणी ही चाचणी सुचवली तर कारण जरूर विचारा. मायक्रोआरएनए मोजून "तुमचं अस्तर तयार" असं सांगणारं कुणी भेटलं तर ती चाचणी किती स्त्रियांवर पडताळली आहे, हेही विचारा. आणि प्रोजेस्टेरॉनच्या पहिल्या मात्रेची वेळ लिहून ठेवा, मॉक असो वा खरी.

तिसऱ्या ट्रान्सफरच्या गोळ्या सुरू होऊन आज नववा दिवस. तीच वही पर्समध्ये आहे, नवं पान काढून ठेवलं आहे.