बिनशिट्टीचा कुकर

इलेक्ट्रिक कुकर वेळ वाचवतो, ही जाहिरातवाल्यांनी उठवलेली आवई आहे. हिशोब करून बघा. गॅसवर वरण-भाताचा कुकर लावला की वाफ जिरण्याची वेळ धरूनही पंचवीस मिनिटांत ताटं घेता येतात. विजेच्या कुकरात डाळीला आठ मिनिटं लावली तरी ती आठ मिनिटं सुरू कधी होतात? आधी प्रेशर भरायला दहा-बारा मिनिटं जातात. तेवढा वेळ पडद्यावर आकडा येतच नाही, नुसत्या रेघा गोल गोल फिरत असतात. मग ती आठ मिनिटं. मग वाफ आपोआप जिरायला आणखी पंधरा. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत निकाल देऊन टाकला, "अगं, एवढ्यात माझी आमटी उकळूनसुद्धा झाली असती."

निकाल बरोबरच होता. तरीही कुकर परत गेला नाही, कारण तो वेळ वाचवत नसला तरी राखण वाचवतो. गॅसवर कुकर चढवला की घरातलं कुणीतरी त्याच्यापाशी बांधलं जातं. आंघोळीला जायचं तर आधी ओरडून सांगायचं, "तीन झाल्या की बंद करा हो!" खाली भाजीवाला आला तरी तीच तऱ्हा. फोनवर बोलायचं तर एक कान स्वयंपाकघराकडे. आमच्याकडे हे राखणदाराचं पद बाबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे होतं. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघराशी त्यांचा अधिकृत संबंध एवढाच: बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसायचं आणि शिट्ट्या मोजायच्या.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. आमच्या इमारतीत एका मजल्यावर चार घरं, चारही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात आणि सकाळी अकराच्या सुमाराला चारही कुकर बोलायला लागतात. शेजारच्या काकूंची शिट्टी आमच्या खात्यावर जमा झाल्यामुळे भातात कणी राहिली, असं कितीदा तरी झालंय. शिवाय अर्ध्या शिट्टीचा वाद आहेच. कुकर नुसता फुसफुसला आणि वजन जरासं उचलून परत बसलं, तर ती धरायची की नाही? सासूबाईंच्या मते नाही. बाबांच्या मते, वाजली म्हणजे वाजली.

खरं तर शिट्टी हे माप म्हणून अगदीच बेभरवशाचं. आच मोठी असेल तर तीन शिट्ट्या सहा मिनिटांत होतात, बारीक असेल तर पंधरा मिनिटांतही होत नाहीत. कुकर काठोकाठ भरलेला असला की पहिली शिट्टी उशिरा, अर्धा असला की लवकर. वजनाच्या भोकात डाळीचा कण अडकला असेल तर विचारायलाच नको. आमच्या जुन्या कुकरची माहितीपुस्तिका परवा माळ्यावर सापडली, तर तिच्यातही शिट्ट्यांचा उल्लेख नाही. पूर्ण वाफ भरली की आच मंद करा आणि इतकी मिनिटं ठेवा, असं सरळ लिहिलेलं. म्हणजे कंपनी पहिल्यापासून मिनिटंच सांगत होती, शिट्ट्या आपण धरून बसलो. हॉकिन्स आणि प्रेस्टिज दोन्ही आपल्याकडे १९५९पासूनचे. तेव्हापासून दोन-तीन पिढ्यांनी पुस्तिका न वाचता उत्तम स्वयंपाक केला, यात आपल्या बायकांच्या कानांचं कौतुक जास्त आहे.

त्या वजनाचा मूळपुरुष फार जुना आहे. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये घट्ट झाकणाचं एक भांडं तयार केलं. वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांच्या वर तापतं आणि हाडंसुद्धा मऊ होतात, हे त्याला दाखवायचं होतं. पण कोंडलेली वाफ भांड्यासकट उडू नये म्हणून त्याने झाकणाला एक झडप बसवली आणि तिच्यावर दांडीला लटकवलेलं वजन ठेवलं. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की वजन उचललं जाणार, वाफ सुटणार. आपला कुकर तेच करतो. त्याचं वजन साधारण दर चौरस इंचाला १५ पौंड दाबावर उचललं जातं आणि आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. विजेचे बहुतेक कुकर जरा मवाळ, दहा ते बारा पौंडांवर थांबणारे, म्हणून आत ११५ ते ११८ अंश. दोन-चार अंशांचा फरक कुणी विचारात घेत नाही, पण छोल्यांना आणि राजम्याला गॅसपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त लागतात ती त्यामुळेच. आणि त्यात वजन नाही, शिट्टी नाही. दाब हवा तेवढा झाला की आतली यंत्रणा वीज तोडते, उतरला की परत जोडते. अशा कुकरचं पहिलं पेटंट चीनमध्ये १९९१ साली घेतलं गेलं, आणि २०१० मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या काही अभियंत्यांनी 'इन्स्टंट पॉट' बाजारात आणल्यावर तो परदेशातल्या आपल्या लोकांच्या घराघरांत शिरला. तिकडे शिट्टी ऐकून शेजारी दचकतात, त्यामुळे बिनशिट्टीचा कुकर त्यांना देवासारखा वाटला असणार.

आम्हाला मात्र शेजाऱ्यांची नाही, सासूबाईंच्या गुडघ्यांची काळजी होती. शोध सुरू केला तेव्हा अट एकच, सहा हजारांच्या वर जायचं नाही. या पैशात बरेच कुकर मिळतात आणि सगळ्यांच्या अंगावर बटणांची जत्रा भरलेली असते. केक, दही, सूप, स्ट्यू, पॉरिज, बिर्याणी. वालाच्या बिरड्याचं बटण कुठेच नाही. बटणं मोजून कुकर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातल्या बहुतेकांच्या मागे फक्त ठरवून ठेवलेली मिनिटं असतात. मिनिटं आपली आपल्याला टाकता येतील असं एक साधं बटण असलं की पुरे. बघायचं ते वेगळंच. आतलं भांडं स्टीलचं मिळतं का, की फक्त नॉनस्टिक? झाकणाची सिलिकॉनची रिंग सुटी मिळते का आणि कुठे? कारण गॅसच्या कुकरची रिंग कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळते, याची मिळेलच असं नाही, आणि रिंग गेली की पाच हजारांचं यंत्र नुसतं पातेलं होऊन बसतं.

आणखी एक गोष्ट कुठल्याही जाहिरातीत नसते. आपण कुकरमध्ये थेट शिजवत नाही, भांडी लावतो. खाली डाळ, वर भात, त्याच्यावर जागा उरली तर दोन बटाटे. घरातली कुकरची भांडी आत बसणार नसतील तर तो कुकर आपल्या कामाचा नाही. म्हणून मी दुकानात जाताना पिशवीत आमचं भाताचं भांडं घेऊन गेले. विक्रेत्या मुलाने आधी माझ्याकडे, मग भांड्याकडे बघितलं. पाच लिटरच्या कुकरात ते कानामुळे अडकलं. सहा लिटरच्यात बसलं, पण बाजूने बोट जाईल एवढीच फट. नीट आत गेलं, बाहेर काढायला मात्र चिमटा धरायला जागा नाही. शेवटी मीच सुचवलं की बिनकानाची दोन भांडी नवीन घेते. पोराने सुटकेचा निःश्वास टाकून बिल केलं.

घरी आणल्यावर आधी नुसत्या पाण्यावर चालवून बघायचा असतो. दोन वाट्या पाणी, झाकण, पाच मिनिटं. आम्ही तिघंही ओट्याभोवती उभे. बघण्यासारखं यात एकच आहे, झाकणावरची छोटी धातूची पिन. सुरुवातीला ती खाली पडलेली असते. पाणी तापलं की तिच्या कडेने बारीक वाफ यायला लागते, मग पाण्याचे दोन-चार थेंब बुडबुडत बाहेर येतात, पिन थरथरते, जरा उचलते, परत खाली बसते, आणि मग एका क्षणी टक् करून वर येते. त्याबरोबर सगळा आवाज बंद. वाफ नाही, फुसफुस नाही, काही नाही. सासूबाई जरा वाट बघून म्हणाल्या, "बिघडला वाटतं." शिट्टी न होणारा कुकर चालू आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो. पिन वर आहे तोवर झाकण उघडत नाही आणि पिन पडली की प्रेशर गेलं, एवढं त्यांना पटल्यावर त्या येता-जाता पिनच बघायला लागल्या.

मिनिटांची भाषा मात्र बाबांनी शिकून घेतली. आकडे दिसले की त्यांना राहवत नाही. जुन्या डायरीचं एक पान फाडून त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तूरडाळ, न भिजवलेली, आठ. त्याच्याच वर भात, वेगळी मिनिटं नकोत. रात्रभर भिजवलेले छोले वीस. राजमा पंचवीस, आणि त्याच्यापुढे लाल शाईने, आधी भिजवून ते पाणी फेकून देणे. अख्खे बटाटे नऊ. पानाच्या खालच्या बाजूला 'नको' म्हणून वेगळी यादी: मोड आलेली मटकी, पालेभाज्या, भेंडी. ही यादी सासूबाईंनी सांगून लिहवून घेतली आणि ती अगदी योग्य आहे. मटकीला दाब सोसत नाही. एक मिनिट लावलं तरी प्रेशर भरेपर्यंतच तिचा लगदा होतो. तिला कढईच हवी.

पाण्याचं गणितही बदललं. शिट्टीबरोबर गॅसच्या कुकरमधून बरीच वाफ निघून जाते, इथे जवळजवळ काहीच जात नाही. इंद्रायणी तांदळाला नेहमीच्या सवयीने पाणी घातलं तर आसट भात होतो. मला आवडतो, नवऱ्याला आवडत नाही, त्यामुळे त्याचं ताट वाढलेलं असेल तेव्हा पाणी मोजून. डाळ थेट आतल्या भांड्यात लावली तर भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही आणि वाफ झटकन सोडायची नाही. डाळीला फेस येतो, आणि झडपेतून वाफेऐवजी हळदीचं कारंजं भिंतीवरच्या टाइल्सवर जातं. डाळीची वाफ आपली आपण जिरू द्यावी, मधल्या वेळात कोशिंबीर करावी.

काही बाबतीत तो अगदी भोळा आहे. फोडणीसाठी म्हणून त्याला परतण्याचं बटण दिलेलं असतं. मोहरी घालून बघा. तेल तापतं, मोहरी विचार करत बसते, मग एखादी तडतडते, बाकीच्या नुसत्या काळ्या पडतात. आमटीच्या फोडणीला गॅसवरचं लोखंडी कढलंच खरं. मसाला तळाला लागलेला असताना झाकण लावलं तर कुकर जळाल्याची सूचना देऊन स्वतःच बंद पडतो. तेवढं शहाणपण आमच्या जुन्या कुकरला नव्हतं, तो बिचारा कोळसा होईपर्यंत शिट्ट्या देत राहायचा. सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. गोडा मसाला घातलेल्या उसळीनंतर त्याच रिंगेवर केलेली खीर कशी लागते ते सांगण्यासारखं नाही. दोन रिंगा ठेवाव्यात, एक तिखटाची, एक गोडाची. उशिराने सुरू होण्याचं बटणही सांभाळून वापरावं. रात्री दहाला भिजत घातलेली डाळ सकाळी सातला लागेल असं लावता येतं, पण चैत्र-वैशाखात आमच्या चिंचवडला ती पहाटेपर्यंत आंबते.

विजेचं म्हणाल तर भीती वाटते तेवढा तो खात नाही. हजार वॅटचा कुकर तासभर सलग तापत राहिला तरच एक युनिट जळणार, आणि प्रेशर भरल्यावर तो बराच वेळ बंदच असतो. सव्वाचार-साडेचार अँपिअर घेतो, त्यामुळे साध्या प्लगवरही चालतो. फक्त वायर आखूड असते आणि ओट्यावरचा एकुलता एक मोकळा प्लग नेमका पाण्याच्या नळाशेजारी असतो. वीज गेली की मात्र सगळंच राहिलं. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, त्यामुळे जुना कुकर अजून फडताळातच आहे, माळ्यावर गेलेला नाही.

राखण संपल्यावर बाबा रिकामे होतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. सकाळी सासूबाई डाळ-तांदूळ धुऊन देतात आणि कुकर बाबा लावतात. पाणी मापाने घालतात, रिंग नीट बसली का ते बोट फिरवून बघतात, झडप बंद करतात आणि मग दोघं मिळून खाली फिरायला जातात. आयुष्यभर कुकर लावून घराबाहेर न पडलेली बाई, पहिले काही दिवस जिन्यातून दोनदा परत यायची. आता येत नाही. येतात तेव्हा वरण-भात गरम असतो, आणि वरण रवीने घोटायचं कामही बाबांनीच घेतलंय, कारण त्यांच्या मते घोटल्याशिवाय डाळ शिजली की नाही ते कळत नाही.

पुरण तेवढं बरेच दिवस गॅसवरच राहिलं. सासूबाईंचं म्हणणं, पुरणाच्या डाळीला भरपूर पाणी हवं, कट निघाला पाहिजे, आणि तुमच्या यंत्रात अर्ध्याच्या वर भरायची सोय नाही. बाबांनी कागदावर मांडून दाखवलं की सहा लिटरचं अर्धं म्हणजे तीन लिटर, त्यात अर्धा किलो हरभराडाळ आणि तिचं पाणी आरामात बसतं. होळीच्या आदल्या दिवशी सासूबाई तयार झाल्या. तीन तास भिजवलेली डाळ, बारा मिनिटं, वाफ आपोआप जिरू दिली. पिन पडल्यावर त्यांनी झाकण काढलं, डावाने दोन दाणे उचलले आणि बोटात धरून चेपले. डाळ बोटचेपी झाली होती, पण निम्मी कटात उतरली होती.

"दहाच लावायची होती," त्या म्हणाल्या.

बाबा कपाटाचं दार उघडून पेन शोधायला लागले.