आधी सँडल, मग साडी

साडी नेसवायला घरी गेले की नवरीला माझा पहिला प्रश्न असतो, "सँडल्स कुठंयत? घाल आधी." ब्लाउज, दागिने, गजरा सगळं पलंगावर मांडून ठेवलेलं असतं आणि सँडल्स मात्र गाडीत, नाहीतर मावसबहिणीच्या बॅगेत. "ताई, त्या हॉलवर गेल्यावर घालते ना, आत्तापासून पाय दुखतील." मग मी पिनांचा डबा बंद करते आणि खुर्ची ओढून बसते. गाडीची किल्ली शोधायला कुणीतरी धावतं.

अनवाणी उभ्या मुलीला साडी नेसवली आणि नंतर तिनं तीन इंची टाच चढवली, की काठ वर उचलला जातो आणि नवी कोरी पैठणी आखूड झाल्यासारखी दिसते. उलट टाचेवर नेसवली आणि पंगतीआधी तिनं गुपचूप सपाट चपला घातल्या, की काठ जमिनीवर लोळतो, निऱ्यांवर पाय पडतो आणि कमरेच्या पिनेपाशी कापड फाटतं. म्हणून टाचेची उंची एकदा ठरवायची आणि दिवसभर तीच ठेवायची. दुसरी जोडी हवीच असेल तर त्याच उंचीची आणा.

निऱ्या बसवताना मी जमिनीवर बसलेली असते, त्यामुळे लोकांच्या हील्स मला बरोबर डोळ्यांसमोर दिसतात. इतरांना त्या वरून आणि पुढून दिसतात, मला बाजूनं आणि मागून. त्यातूनच माझी काही ठाम मतं झाली आहेत आणि ती ऐकून दोन-तीन मैत्रिणींनी माझ्याबरोबर चप्पल खरेदीला यायचं सोडलं आहे.

पहिलं मत असं, की साडीवर घालायच्या सँडलच्या पुढच्या भागावर पैसे घालवू नका. पुढे निऱ्या पडतात. त्या चवड्यावरचा खडे जडवलेला पट्टा, मोठ्ठं फूल, मोत्यांचा घोस, सगळं झाकून टाकतात. एवढंच नाही, ते खडे निऱ्यांच्या आतल्या बाजूनं फॉलला घासतात. खड्याची एखादी कडी वाकलेली असली तर रेशमाचा धागा ओढला जातो, आणि जरीचा धागा एकदा ओढला गेला की तो परत बसत नाही. मानोलो ब्लाहनिक या जोडे आखणाऱ्याची ती सॅटिनची, पुढे चौकोनी लखलखत्या बक्कलची 'हंगिसी' नावाची हील मला फोटोत फार आवडते. गुडघ्यापर्यंतच्या फ्रॉकवर ती घालावी. पैठणीखाली ती आली तर मी आधी बक्कलवर पारदर्शक टेप लावीन.

साडीत दिसतं ते पाऊल उचलताना. काठ जरा हलतो, टाच मागून क्षणभर दिसते आणि परत झाकली जाते. म्हणजे जे काही नजरेत भरायचंय ते टाचेवर असायला हवं. ही गोष्ट रोजे व्हिव्हिए या फ्रेंच माणसाला कुणी साडी न दाखवताच कळली होती. 1953 मध्ये इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकासाठी त्यानं सोनेरी चामड्याची सँडल आखली. वरचा झगा जमिनीपर्यंत, समारंभ काही तासांचा, आणि त्यानं लाल खडे लावले ते टाचेला. नंतर डिओर या पॅरिसच्या फॅशन कंपनीकडे काम करताना आणि पुढे स्वतःच्या नावानं त्यानं टाचेचे इतके प्रकार केले, की पुढचा जोडा साधा असला तरी माणूस मागून वळून बघेल. एक टाच म्हणजे खड्यांनी मढवलेला गोळा. एक स्वल्पविरामासारखी आत वळलेली, 1963 ची. ती बघून वाटतं हिच्यावर कुणी उभं कसं राहील, पण वजन जिथं उतरायला हवं तिथंच उतरतं. आजच्या बाजारात गोळ्याच्या टाचेच्या स्वस्त नकला मिळतात. टाच पोकळ प्लास्टिकची नसेल तर बिनधास्त घ्या, साडीवर फार छान दिसतात.

त्याच व्हिव्हिएच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यावर माझा राग आहे. 1954 च्या सुमाराला डिओरसाठी त्यानं सुईसारखी टाच रुळवली. स्टिलेटो एकट्यानं शोधून काढल्याचं श्रेय त्याला देता येणार नाही, त्या काळात इटलीतही ती होत होती. लाकडाची टाच इतकी बारीक केली की मोडायची, म्हणून आत स्टीलची कांडी घालून वर प्लास्टिक आलं. दिसायला देखणी, वादच नाही. पोटरी ताणली जाते, पाठ सरळ होते, साडीचा घोळ सुंदर पडतो. पण आमच्या पुण्यात लग्नं होतात कुठं? म्हात्रे पुलापलीकडच्या डीपी रस्त्यावरून जा, एका पाठोपाठ एक लॉन्स. दुपारी पाइपानं पाणी मारून ठेवलेलं गवत, त्यावर हिरवा गालिचा.

आता हिशेब करा. साठ किलोची बाई चालताना तिचं निम्मं वजन एका टाचेवर आलं असं धरा, तीस किलो. स्टिलेटोचं टोक चौरस सेंटिमीटरभर. म्हणजे तेवढ्याशा जागेवर तीस किलो. ब्लॉक हील चार बाय चार सेंटिमीटरची असली तर तेच तीस किलो सोळा चौरस सेंटिमीटरवर पसरतात, प्रत्येकावर दोन किलोही येत नाहीत. ओल्या मातीला एवढंच समजतं. मी एका रिसेप्शनमध्ये नवरीच्या वहिनीला गालिच्यासकट रुतलेली पाहिलीय. पाय बाहेर आला, सँडल तिथंच उभी. टाचेला लावायच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, त्यानं बरंच निभावतं, पण त्या टोप्या लावल्या की ती बारीक टाच घेण्यात जी मजा होती तीच गेली. परदेशातल्या जुन्या वाड्यांमध्ये, संग्रहालयांमध्ये लाकडी फरशी वाचवायला या टाचांना बंदी होती. आपल्याकडे लॉन्सवाल्यांनी तशी पाटी लावायला हरकत नाही.

तशा एका पाटीनंच एक मोठा माणूस घडवला, हे मात्र मला मान्य आहे. पॅरिसच्या एका संग्रहालयात टोकदार टाचेवर काट मारलेलं चित्र लहान क्रिस्तियाँ लूबूताँनं पाहिलं आणि तो तसल्याच टाचा काढत बसला. पुढे तो जोड्यांचा नामांकित डिझायनर झाला, त्याच्या जोड्यांचे लाल तळवे आता सगळ्यांना माहीत आहेत. तो सांगतो, की 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एक नमुना हातात आला तेव्हा काहीतरी कमी वाटत होतं, शेजारी बसलेली सहायक नखांना लाल रंग लावत होती, तिची बाटली घेऊन त्यानं तळवा रंगवला. त्या रंगावर पुढे कोर्टकज्जे झाले. अमेरिकेच्या अपील न्यायालयानं 2012 मध्ये सांगितलं, की वरचा जोडा वेगळ्या रंगाचा असेल तर लाल तळवा त्याचा; अख्खा जोडाच लाल असेल तर त्याची मक्तेदारी नाही. आपल्या दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या लाल तळव्याला संरक्षण दिलं आहे.

मला हा निकाल आवडतो, कारण मराठी लग्नात तो तळवा नेमका कधी दिसतो ते मी पाहिलंय. स्टेजच्या पायऱ्या चढताना, आणि वाकून नमस्कार करताना. नवरी वाकली की टाचा उचलल्या जातात आणि मागे बसलेल्या तीन रांगांना लाल रंग दिसतो. हिरव्या शालूच्या काठाखाली तो लाल काय खुलतो! इथं पुढच्या बाजूला काहीही नको, साधा काळा किंवा सोनेरी पंप, म्हणजे बिनपट्ट्यांचा बंद जोडा, पुरे. आपल्या डिझायनर सब्यसाचीनं लूबूताँबरोबर भरतकामाचे, साडीच्या किनारी वापरलेले जोडे काढले होते. कारागिरी अप्रतिम, पण लेहंग्याखाली किंवा साडीखाली ते बिचारं भरतकाम बघणार कोण? मी तरी तळव्याच्या बाजूनं आहे. फक्त एक, आपल्या रस्त्यावर तो लाल चार पावलांत खरवडतो. कोपऱ्यावरचे चप्पल दुरुस्तीवाले काका पातळ रबर लावून देतात, पण मग लाल झाकला जातो. तेव्हा गाडीतून उतरून थेट गालिच्यावर.

खरं प्रेम माझं साल्व्हातोरे फेरागामो या इटालियन जोडेवाल्यावर. आमच्या युरोप टूरमध्ये फ्लोरेन्सला दुपार मोकळी होती. बाकीच्या बायका चामड्याच्या बाजारात पर्सेसची घासाघीस करायला गेल्या, मी त्याच्या संग्रहालयात. पालाझ्झो स्पिनी फेरोनी नावाच्या मध्ययुगीन दगडी वाड्याच्या तळघरात ते आहे. तिथं नट्यांच्या पावलांचे लाकडी फरमे आहेत. प्रत्येकीचा वेगळा, नावानिशी. मी गिऱ्हाइकांच्या मापांची वही ठेवते, त्यामुळे मला तिथून हलवेना.

हा माणूस इटलीतल्या बोनितो नावाच्या खेड्यातला, पोरवयात अमेरिकेला गेला, हॉलिवुडच्या नट्यांचे जोडे करू लागला. जोडे सुंदर होत होते, पण पाय दुखतात अशी तक्रार होती, म्हणून त्यानं तिथल्या विद्यापीठात शरीररचना शिकून घेतली. उभ्या माणसाचा भार पावलाच्या कमानीवर कसा येतो हे त्याला कळलं, आणि त्यानं कमानीखाली पोलादाची पट्टी घालून तिला आधार दिला. पुढे तो इटलीला परतला. 1935 मध्ये मुसोलिनीनं इथिओपियावर हल्ला केला, इटलीवर निर्बंध आले, चांगलं पोलाद मिळेना, पट्ट्या तुटू लागल्या. मग त्यानं कमानीखालची पोकळीच भरून काढली. सार्डिनियाचं बुच, तुकडे चिकटवून, घासून. वेज हील ती हीच, आज आपल्या प्रत्येक काकूच्या पायात असते ती. 1938 मध्ये हॉलिवुडची नटी जूडी गार्लंडसाठी त्यानं जी केली तिच्या बुचाच्या थरांवर इंद्रधनुष्याचे रंग चढवलेले आहेत. उंच, भडक, आणि तरी जमिनीवर घट्ट. मागून, बाजूनं, कुठूनही बघा. काठापदराच्या साडीखाली तिचे रंग कसे दिसतील याचा विचार करत मी बसपर्यंत चालत गेले.

त्याची 1947 ची नायलॉनच्या दोऱ्याची 'अदृश्य' सँडलही प्रसिद्ध आहे. वर नुसते पारदर्शक दोरे, खाली आत कोरलेली वेज. जोडव्यांसाठी याहून चांगली सँडल झाली नसेल. आपल्या दुकानांत मिळणारे पारदर्शक प्लास्टिकचे पट्टे मात्र तिच्या नावानं खपवू नका, एप्रिल-मेच्या मुहूर्ताला त्यात पाय उकडून निघतो आणि आतून वाफ धरते.

तुम्ही विचाराल, मग त्या फॅशन शोमधल्या अचाट जोड्यांचं काय? ते मला मनापासून आवडतात. व्हिव्हियन वेस्टवुड या इंग्लिश डिझायनरच्या नऊएक इंचांच्या जांभळ्या टाचांवरून 1993 मध्ये पॅरिसच्या रॅम्पवर मॉडेल नेओमी कॅम्पबेल बसकण मारून पडली आणि हसली. ते जोडे आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. डिझायनर अलेक्झांडर मॅक्क्वीनचे, आर्माडिलो या कवचवाल्या प्राण्याच्या पाठीसारखे 'आर्माडिलो' बूट सुमारे तीस सेंटिमीटर उंच होते, काही मॉडेल्सनी ते घालायला नकार दिला. हे बघायचे जोडे आहेत आणि ते तसं लपवतही नाहीत. माझं भांडण मधल्यांशी आहे. साडेचार इंच टाच, पुढे चवड्याखाली जाड तळ (प्लॅटफॉर्म) नाही, घोट्याला दोरीएवढा पट्टा, आणि वर डबीवर 'ब्रायडल' लिहिलेलं. रिसेप्शनला मुलगी तीन तास स्टेजवर उभी असते. ती अर्ध्या तासात सोफ्याच्या आड सँडल काढून अनवाणी उभी राहते, आणि माझी साडी लोळते.

दुकानात करून बघायच्या गोष्टी सांगते. सँडल काउंटरवर ठेवून पुढच्या टोकावर बोट दाबा, टाच डुगडुगली तर ठेवून द्या. मग मधोमध, कमानीच्या जागी दाबा. तिथं वाकली तर आतली पट्टी कच्ची आहे. घोट्याचं बक्कल बाहेरच्या बाजूला गुळगुळीत हवं, परकराची लेस त्यातच अडकते. आणि नऊवारीवर हील नकोच. काष्ट्याचा झोल चाल मोकळी करण्यासाठी असतो, टाचेवर ती चाल आखडते. तिथं कोल्हापुरी. प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर आणली त्याचं विचारू नका, 2025 च्या जूनपासून त्यावर सगळ्यांनी बोलून घेतलंय. त्यांनी निदान ती सपाट ठेवली, आपल्याकडचे दुकानदार तिला टाचा लावतात.

हल्ली मी एक नवा उद्योग सुरू केलाय. ब्लाउज शिवून पैठणीच्या काठाचा तुकडा उरतो, तो साध्या ब्लॉक हीलवर मढवून घ्यायचा. पट्टे कोरे, फक्त टाचेवर मागच्या बाजूला मोर. अडीच इंच टाच. गेल्या महिन्यात एका नवरीसाठी करून दिली. तिच्या आत्यानं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "पैठणीचा मोर पायात घालायचा?" मी म्हटलं, "आत्या, पायाखाली नाहीये हो, टाचेवर आहे." आत्या म्हणाल्या, "आणि चिखल उडाला की?" मी गप्प. नवरीनं तोवर दोन्ही सँडल्स पायात चढवल्या होत्या आणि आरशाकडे पाठ करून मान वळवून बघत होती.