तुम्ही विचारलंत म्हणून: लोगो मोठा का करत नाही?

‘लोगो जरा मोठा करा ना.’ डिझायनर म्हणून आठवड्यातून एकदा तरी हे ऐकते. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘लक्ष वेधायलाच असतो ना तो? मग अडचण काय आहे?’ आजवर काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. आता एकदा सगळं बोलते.

हात ताठ समोर धरून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढ्याच भागात आपली नजर तीक्ष्ण असते, बाकी सगळं अंधुक. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, आणि पुढची उडी कुठे पडणार हे त्या अंधुक भागात काय उठून दिसतंय यावर बरंच ठरतं. उठून दिसतं ते आजूबाजूपेक्षा वेगळं असलेलं. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्ये दाखवलं होतं की यादीतली वेगळी पडलेली गोष्ट जास्त लक्षात राहते. लोगो फुगवला की भोवतीची मोकळी जागा जाते, आणि त्याला उठाव तर त्या जागेनेच दिलेला असतो. डिझायनर लिंडन लीडर यांनी १९९४ मध्ये फेडेक्स या कुरिअर कंपनीचा लोगो केला, त्यातला बाण ई आणि एक्समधल्या रिकाम्या जागेतच आहे.

इथवर मी ठाम आहे. पुढचं सांगताना तेवढी ठाम नाही.

कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाकिटाचं काम आलं होतं. जुन्या पाकिटावर मधोमध भलंमोठं पिवळं बदक. मान वाकडी. चोचीतला मजेंटा, म्हणजे छपाईची गडद गुलाबी शाई, नेहमी सरकलेला, त्यामुळे चोचीला दोन कडा दिसायच्या. मला ते बदक बघवत नव्हतं. मी पाकीट पांढरं केलं, निळी अक्षरं घेतली आणि बदक कोपऱ्यात नेलं, बारीक रेषेचं, नखाएवढं. ‘मॅडम, बदक इतकं लहान?’ मालकांनी एवढंच विचारलं. मी अर्धा तास बोलून त्यांना गप्प केलं. ‘मोठं चित्र लागतं म्हणजे आपण गिऱ्हाईकाला लहान मूल समजतो,’ असंही मी म्हणाले. या वाक्याची आज लाज वाटते.

नवा माल बाजारात जाऊन तीन आठवडे झाले आणि त्यांनी मला एका दुकानात नेऊन उभं केलं. एक आजी आल्या. फळीवरून त्यांची नजर फिरली, आमच्या पाकिटावरून दोनदा पुढे गेली. मग दुकानदाराला म्हणाल्या, ‘बदक संपलं का?’ त्याने आमचंच पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, वरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. कोपऱ्यातलं बदक दिसलं नाही, की दिसूनही बदक वाटलं नाही, कोण जाणे. ‘नकली असेल, नको,’ म्हणून त्यांनी ते परत ठेवलं आणि तशाच गेल्या. पावडरीचं छापील नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. त्यांच्या लेखी तिचं नाव बदकच होतं.

मालक मला एक शब्द बोलले नाहीत. छापून ठेवलेली पाकिटं गोदामात पडून होती.

ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या ब्रँडचं प्रकरण मला पाठ होतं, हे जास्त लागतं. २००९ मध्ये त्यांनी खोक्यावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून रसाचा ग्लास आणला, दोनेक महिन्यांत विक्री सुमारे २० टक्के घसरली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. मी हे विद्यार्थ्यांना शिकवायचे. शिकवताना ती दुसऱ्या कुणाची तरी चूक असायची.

माझी बाजूही सांगते. आमचा नवा माल आला त्याच महिन्यात बऱ्याच दुकानांत पाकिटं खालच्या फळीवर गेली होती. आणि जुनं बदक नवीन गिऱ्हाईक आणत नव्हतं, म्हणून तर काम माझ्याकडे आलं. दोन्ही खरं आहे. पण आजींनी तर पाकीट हातात घेतलं होतं, तिथे फळीची सबब चालत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा नजरेस पडली तरी आवडू लागते. माझ्या डोळ्यांना खुपणारं ते बदक त्या घरात रोज दिसत असणार. अनोळखी माणसाची नजर थांबवायची आणि ओळखीच्या माणसाला चुकवायचं नाही, ही दोन कामं एकाच पाकिटावर भांडतात, आणि दर वेळी कुणाला झुकतं माप द्यायचं याचं सूत्र मला सापडलेलं नाही.

म्हणून हल्लीही मी आधी नाहीच म्हणते. मग विचारते, तुमच्याकडे येणारे लोक ही वस्तू काय म्हणून मागतात? उत्तर येत नसेल तर दुकानात जाऊन उभी राहते.

बदक परत आलं, मधोमध, तेवढंच मोठं. मान मी वाकडीच ठेवली. चोचीतला मजेंटा मात्र नीट बसवून दिला. तोही सरळ करायला हवा होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.